अकरा दिवसांचा फरक

प्रणिता सोनटक्केचा मी आठ-नऊ वर्षं हेवा केला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तिच्याविषयी बोलताना माझा सूर कुठे कडवट लागला, तर वाचणाऱ्याला कारण ठाऊक असेल.

मी मधुसूदन असनारे, मूळचा अमरावतीचा. माझी बायको गीता रेल्वेच्या संशोधन संस्थेत इंजिनीअर आहे. तिच्या नोकरीपायी सव्वीस वर्षांपूर्वी आम्ही लखनौला आलो आणि मानक नगरच्या क्वार्टरमध्ये राहू लागलो. मला इथल्या एका विधी महाविद्यालयात मालमत्तेचा कायदा शिकवायची नोकरी मिळाली. गहाण, भाडेपट्टा, बक्षीसपत्र, खरेदीखत. एकशेचाळीस वर्षांपूर्वीचा कायदा मी कलमाकलमाने शिकवायचो. मुलं जांभया द्यायची, पण परीक्षेच्या आधी माझ्या टिपणांच्या झेरॉक्स काढायला रांग लागायची. मला तेवढं पुरत होतं.

२०१५च्या जुलैमध्ये विभागप्रमुख म्हणाले, "असनारेजी, एक नई मैडम आ रही हैं. आप ही के यहाँ की हैं." 'आप ही के यहाँ की' म्हणजे नांदेडची. इथल्या लोकांना अमरावती आणि नांदेड सारखंच. प्रणिता तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. दोन बॅगा, एक कुकर आणि ज्वारीच्या पिठाची पिशवी घेऊन आली. गीतानेच तिला आलमबागेत खोली शोधून दिली. दर रविवारी ती आमच्याकडे जेवायला यायची, भाकरी थापायची. आमची जुई तेव्हा सहावीत होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच देते. ती प्रणिताच्या मागे मागे फिरायची, "दीदी, नांदेड वाला किस्सा फिर से सुनाओ ना."

पहिलं वर्षभर प्रणिता माझ्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसायची. वहीत लिहून घ्यायची. मला फार बरं वाटायचं. सव्वीस वर्षांच्या नोकरीतलं ते सर्वांत सुखाचं वर्ष, असं आज म्हटलं तर खोटं ठरणार नाही.

मग रेराचा कायदा आला. बिल्डरने वेळेत घर दिलं नाही, कबूल केलं ते बांधलं नाही, तर घर घेणाऱ्याने कुठे जायचं, हे सांगणारा कायदा. विभागप्रमुखांनी मला बोलावून विचारलं, "नया पेपर शुरू करना है, रियल इस्टेट लॉ. आप लेंगे?"

मी हसलो. म्हणालो, "सर, हा दलालांचा कायदा आहे. दोन वर्षांत विरून जाईल. त्याच्यासाठी वेगळा पेपर कशाला?"

तो पेपर प्रणिताने घेतला. पहिल्या वर्षी नऊ मुलं होती, तिसऱ्या वर्षी वर्गात जागा पुरेना. ती मुलांना घेऊन बांधकामांवर जायची, रजिस्ट्री ऑफिसच्या बाहेर टपऱ्या टाकून बसलेल्या दस्तलेखकांकडून कागद वाचायला शिकायची. तिची हिंदी मराठवाडी वळणाची. मुलं तिची नक्कल करायची, पण तिच्या शब्दावर चालायची. घर घेण्याआधी काय काय तपासायचं, यावर तिने चाळीस पानांची एक पुस्तिका हिंदीत लिहिली. ती पुस्तिका लोकांनी इतकी उचलली की बँकेच्या काउंटरवर, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, आमच्या शेजारच्या शुक्लाजींच्या टेबलावर, जिथे जावं तिथे ती दिसायची. माझ्याच घरात गीताने ती फोनच्या डायऱ्यांच्या वर ठेवली होती.

"किती सोप्पं लिहिलंय हो पोरीने," गीता एकदा जेवताना म्हणाली. "तुमचं हक्कतपासणीवरचं पुस्तक कुठवर आलं?"

माझं पुस्तक अकरा वर्षं तिसऱ्या प्रकरणात होतं. मी म्हटलं, "सोपं लिहायला काय लागतं?"

ती पुस्तिका मी रात्रंदिवस वाचली म्हणा. चुका शोधायला. सत्ताविसाव्या पानावर कलमाचा आकडा चुकलेला सापडला, तेव्हा दिवसभर शीळ घालत होतो. तिची भाषणं मोबाइलवर आवाज बंद करून बघायचो आणि खाली किती जणांनी पाहिलं तो आकडा वाचायचो. स्टाफरूममध्ये तिच्यासाठी कोणी चहा आणला की माझा चहा मला गार वाटायचा. हे सगळं वरून कोणालाच दिसत नव्हतं. वरून मी तिचा "सर" होतो. ती तेव्हाही मला "तुम्ही आहात म्हणून मला इथे परकं वाटलं नाही" असं म्हणायची, आणि ते ऐकताना मला वाटायचं, हिला हेसुद्धा किती छान बोलता येतं.

२०२२च्या गणपतीत आमच्या मराठी मंडळाने तिचं व्याख्यान ठेवलं. मी मंडळाचा पंधरा वर्षांचा सभासद, मला कधी कोणी दोन शब्द बोला म्हटलं नव्हतं. व्याख्यानानंतर नंदाताई माझ्याजवळ आल्या. नंदाताई म्हणजे सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेल्या परिचारिका. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. वृंदावन योजना या वसाहतीच्या पुढे 'सारस कुंज' नावाचा प्रकल्प होत होता, त्यात त्यांनी फ्लॅट घेतला होता. तीन इमारती, ए, बी आणि सी. सीमधला चौथा मजला नंदाताईंचा. चार वर्षं झाली, ताबा नाही.

"सर, प्रणिता मॅडमचा नंबर द्या ना," त्या म्हणाल्या.

"मलाही कायदा येतो, ताई," असं ओठांवर आलं होतं. ते गिळून मी नंबर सांगितला. शेवटचा आकडा चुकीचा सांगितला. मुद्दाम. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "सर, तो कोणा मिस्त्रीचा नंबर लागतोय." मग बरोबर सांगितला. एवढं करून मला काय मिळालं? एक रात्र मिळाली, नंदाताई आणि प्रणिता बोलल्या नाहीत अशी.

प्रणिताने ते प्रकरण हातात घेतलं. वकिली नव्हे, आम्हा पूर्णवेळ शिक्षकांना ती करता येत नाही. पण महाविद्यालयाचं मोफत कायदा सल्ला केंद्र तिच्याकडे होतं, तिथे ती आणि तिचे विद्यार्थी या लोकांना अर्ज करून द्यायचे, समजावून सांगायचे. तिच्या पाठपुराव्याने बिल्डर वाटाघाटीला आला. त्याने दोन पर्याय दिले: व्याजासह पैसे परत घ्या, किंवा नवा करार करून दोन वर्षांत ताबा घ्या. महिन्याभरात ठरवायचं होतं.

२०२३चा फेब्रुवारी. धुकं सरत आलं होतं. प्रणिता एक जाड फाइल घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"सर, एक मदत हवीय. सारस कुंजच्या जमिनीचे जुने कागद आहेत. नवा कायदा मला येतो, पण या जुन्या नोंदी मला नीट लागत नाहीत. तुमच्यासारखी नजर इथे कोणाची नाही. जमिनीची मालकी स्वच्छ असेल तर मी लोकांना सांगेन, ताबा घ्या. इमारत सातव्या मजल्यापर्यंत आलीय."

फाइल मी घरी नेली. अर्ध्या तासात मला सापडलं.

ए आणि बी इमारतींची जमीन ठीक होती. सी इमारत ज्या तुकड्यावर उभी होती, त्याचा मूळ मालक एक म्हातारा शेतकरी. त्याने पुतण्याला मुखत्यारपत्र दिलं होतं आणि पुतण्याने त्याच्या वतीने बिल्डरला खरेदीखत करून दिलं होतं. खरेदीखताची तारीख १४ मार्च. फाइलच्या तळाशी गावाच्या परिवार रजिस्टरची नक्कल होती, म्हणजे गावातल्या प्रत्येक घरात कोण जन्मलं, कोण गेलं त्याची नोंद. शाई पसरलेली होती, पण मला वाचता आलं. म्हातारा त्याच वर्षी ३ मार्चला वारला होता.

मुखत्यारपत्र देणारा मेला की मुखत्यारी संपते. पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे मी शिकवतो. पुतण्या त्याच घरात राहत होता, तेव्हा मृत्यू माहीत नव्हता म्हणायचीही सोय नव्हती. म्हणजे खरेदीखत कोरा कागद. जमीन म्हाताऱ्याच्या बायकोची आणि मुलाची. सी इमारत परक्याच्या जमिनीवर उभी होती.

मला इतका आनंद झाला की मी उठून येरझाऱ्या घालू लागलो. तिला नाही दिसलं, मला दिसलं! गीताला हाक मारून सांगणार होतो, पण ती संस्थेतून यायची होती. म्हटलं, उद्या स्टाफरूममध्ये सर्वांसमोर सांगू.

दुसऱ्या दिवशी गेलो, तर स्टाफरूममध्ये लाडू वाटले जात होते. प्रणिताला कुठल्याशा सल्लागार समितीवर घेतलं होतं. प्राचार्य स्वतः खाली आले होते. "हमारे कॉलेज का नाम रोशन कर दिया," ते म्हणत होते. त्यांनी लाडवाचा डबा माझ्याकडे केला आणि म्हणाले, "असनारेजी, आप भी कुछ सीखिए इनसे."

ते गमतीत म्हणाले. सगळे हसले. प्रणिता मात्र हसली नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, फाइल बघितली?"

"बघितली."

"काय वाटतं?"

"ठीक दिसतंय," मी म्हणालो, आणि लाडू घेतला.

पुढच्या आठवड्यात तिने लोकांना सांगितलं, मालकी स्वच्छ आहे, ताबा घ्या. सी इमारतीतल्या बावीस कुटुंबांनी नव्या करारावर सह्या केल्या. नंदाताईंनी तर आमच्या घरी पेढे आणून दिले. तो महिना सरला, पैसे परत घ्यायची मुदत संपली. मी रोज स्वतःला सांगायचो, उद्या सांगतो. मग सांगायचो, आता काय उपयोग. आणि खरं सांगायचं तर, कधीतरी ती तोंडघशी पडेल, ही आशा मला गोड वाटत होती. बावीस कुटुंबं मला दिसतच नव्हती. दिसत होती ती एकटी प्रणिता.

पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये म्हाताऱ्याची बायको कोर्टात गेली. तिच्या पुतण्याने जमीन विकली हे तिला इतक्या वर्षांनी, मुलगा सुरतेहून परत आला तेव्हा कळलं. मेअखेरीस कोर्टाने सी इमारतीच्या बांधकामाला स्थगिती दिली.

त्या दुपारी प्रणिता ती फाइल घेऊन आली. परिवार रजिस्टरचं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं.

"सर, हे तुमच्या नजरेतून सुटलं?"

सुटकेचा दरवाजा तिनेच उघडून दिला होता. मी त्यातून गेलो. "सुटलं," म्हणालो. "शाई पसरलीय ना."

तिने मान हलवली. "माझंच चुकलं. मी स्वतः परत बघायला हवं होतं."

मंगळवारी सभा ठरली, सारस कुंजच्या आवारातच. जेठातला मोठा मंगळ, म्हणजे इथला मारुतीचा सण होता, रस्त्यात जागोजागी मांडव घालून लोक पुरी-सब्जी आणि सरबत वाटत होते. गीता मला म्हणाली, "मी पण येते, नंदाताईंना आधार वाटेल." आम्ही गेलो. अर्धवट इमारतीच्या सावलीत सतरंज्या टाकल्या होत्या, दीडशे माणसं असतील.

प्रणिता उभी राहिली. म्हणाली, "गलती मेरी है. कागज़ में बात लिखी हुई थी. मैंने ठीक से नहीं देखी और आप लोगों को गलत सलाह दी."

लोक उसळले. कोणी म्हणालं, बिल्डरने पैसे चारले असतील. नंदाताई उठल्या आणि मराठीतच ओरडल्या, "पोरी, माझं आयुष्य गेलं गं रात्रपाळ्या करण्यात! तुझ्या शब्दावर सही केली मी!" प्रणिता त्यांच्याकडे बघत नुसती उभी राहिली. माझं नाव तिने घेतलं नाही. घेतलं असतं तर कोणी दोष दिला नसता. 'असनारे सरांना दाखवलं होतं' एवढं एक वाक्य पुरलं असतं.

मग मी उभा राहिलो. लोकांना वाटतं, पश्चात्तापाने उभा राहिलो. गीतालाही तेच वाटलं. पण मी प्रामाणिकपणे सांगतो, त्या क्षणीही मला तिचा हेवाच वाटत होता. शिव्या खातानाही ती इतकी ताठ उभी होती की सगळ्यांच्या नजरा तिच्यावरच होत्या. मला ते सहन झालं नाही. निदान हा दोष तरी माझा होता, तोही तिने नेला होता.

"मॅडमची चूक नाही," मी हिंदीत म्हणालो. "त्यांनी मला कागद दाखवले होते. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मी सांगितलं नाही."

"क्यों?" मागून कोणीतरी विचारलं.

प्रणिताने माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या नजरेत 'सर' नव्हतं. मग ती म्हणाली, "सर, बैठ जाइए." आणि लोकांकडे वळली. "अब आगे क्या करना है, वो बात करते हैं." तिने सांगितलं की जमिनीच्या मालकीतच खोट असेल, तर घर घेणाऱ्याला भरपाई मागण्याचा हक्क त्याच कायद्यात आहे आणि त्याला मुदतीचं बंधन नाही. मी ज्याला दलालांचा कायदा म्हटलं होतं, त्या कायद्यात. ते कलम मला ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर चपला काढता काढता गीता म्हणाली, "आमच्याकडे रुळाला तडा दिसला आणि कोणी सांगितलं नाही, तर त्याला हेवा म्हणत नाहीत."

"मी हेवा म्हटलंच नाही."

"मी सात-आठ वर्षं बघतेय," ती म्हणाली आणि आत गेली. आठवडाभर आमच्यात मीठ-भाजीपुरतंच बोलणं होतं. जुईने, ती आता कॉलेजात आहे, एवढंच विचारलं, "पापा, दीदी ने आपका क्या बिगाड़ा था?"

मी प्रणिताच्या खोलीवर गेलो. तिने आत बोलावलं नाही, जिन्यातच उभी राहिली. मी सगळं सांगायला तोंड उघडलं.

"कारण नको मला," ती म्हणाली. "शनिवारी दहा वाजता केंद्रात या. त्या तुकड्याच्या मागच्या साठ वर्षांच्या नोंदी काढायच्या आहेत, आणि ते तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही. मी माफ केलं असं समजू नका."

मी गेलो. सलग सात महिने शनिवारी गेलो. तहसीलीत बसून जुनी बाडं उलगडली, तिच्या मुलांना ती वाचायला शिकवली. प्रणिता कामापुरतं बोलायची. म्हाताऱ्याच्या बायकोकडेही आम्ही दोघं गेलो होतो, तिचं म्हणणं साधं होतं, "हमसे पूछा काहे नहीं?" भरपाईचा निकाल लोकांच्या बाजूने लागला. बिल्डरला त्या बाईशी नव्याने, तिच्या अटींवर करार करावा लागला. बावीसपैकी तेरा कुटुंबं पैसे घेऊन बाहेर पडली. नऊ जणांना ए आणि बीमध्ये उरलेले फ्लॅट मिळाले. नंदाताईंना ए इमारतीत तळमजला मिळाला, मागच्या बाजूचा, उन्हाचा. त्या माझ्याशी बोलत नाहीत. मंडळात समोर आल्या तर प्रसादाचं तबक पुढे करतात, पण नजर बाजूला.

आमच्या घरी रविवारी भाकरी होत नाही आता. गीता आणि जुई तिला बाहेर भेटतात, मला नंतर कळतं.

यंदाच्या मे महिन्यात बंगळूरच्या एका विद्यापीठाने प्रणिताला प्राध्यापकपदासाठी विचारलं. रियल इस्टेट कायद्याचा नवा विभाग, त्याची ती प्रमुख. त्यांना तिच्या ज्येष्ठ सहकाऱ्याचं शिफारसपत्र हवं होतं. तिने माझं नाव दिलं. का दिलं, मी विचारलं नाही. ईमेल आली तेव्हा पहिली भावना तीच जुनी होती: वर गेली, आणखी वर गेली.

पत्र लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात चौथ्या ओळीत 'तथापि' आलं. फाडला. दुसऱ्यात 'अजून परिपक्वता येईल' असं लिहून गेलो. तोही फाडला. तिसरा गीताला वाचायला दिला. तिने चष्मा लावून वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ होती, 'माझ्या मार्गदर्शनाखाली'.

चौथं पत्र पाठवलं. त्यात मी तिने काय काय केलं ते लिहिलं आणि सभेतला तो दिवस लिहिला, माझ्या वाट्यासकट. जुलैत ती गेली. स्टेशनवर निरोपाला गीता आणि जुई गेल्या. मी त्या वेळी केंद्रात होतो. तिच्या जागी सिद्धेश नावाचा नवा मुलगा आला आहे, सोलापूरचा. हुशार आहे. माझ्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसतो आणि मला अजून त्याचा राग येऊ लागलेला नाही.